माळ्यावरची गिटार

दिवाळीच्या आधी घराची साफसफाई निघाली की माळ्यावरून काय काय खाली येतं, ते आपल्याला ठाऊक आहे. गेल्या वर्षीचा आकाशकंदील, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या, कोणी वापरत नाही पण कोणी टाकूही देत नाही असा पितळेचा बंब. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या पुष्कळ घरांत यांच्या जोडीला एक काळी, लांबट, धुळीनं माखलेली पिशवीही खाली येते. तिच्यात गिटार असते. ‘कोणाची?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘मुलाची. दोन महिने वाजवली, मग सोडून दिली. चिकाटी म्हणून नाहीच हो हल्लीच्या मुलांत!’

आमच्याही माळ्यावर अशी एक गिटार होती. निळ्या रंगाची, इलेक्ट्रिक. माझ्या मुलीनं नववीत असताना हट्टानं घ्यायला लावलेली. घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या. रंग, किंमत आणि खोक्यात सोबत काय काय फुकट मिळतं ते. चार महिन्यांत तिनं ती ठेवून दिली. ‘बाबा, बोटं फार दुखतात,’ म्हणाली. मग मीही चिकाटीवरचं ते नेहमीचं भाषण दिलं. माझ्या आईनं मात्र एक दिवस स्वयंपाकघरातूनच सांगितलं होतं, ‘अरे, तिचा वरचा सा लागत नाहीये. खालचा बरोबर आहे, वरचा चढतोय.’ आईनं आयुष्यभर पेटी वाजवली. पण इलेक्ट्रिक गिटारीतलं तिला काय कळणार, असं मनाशी म्हणून मी ते कानाआड केलं.

तीन वर्षांनी गिटार विकावी म्हणून वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाला दाखवली. त्यानं बाराव्या फ्रेटवर तार दाबली, एकदा ऐकलं आणि म्हणाला, ‘काका, ही सुरात लागणं शक्यच नव्हतं. आणि तारा एवढ्या उंच आहेत की मलासुद्धा दाबताना त्रास होतोय. तुमच्या मुलीनं चार महिने वाजवली म्हणजे कमालच केली.’ तासाभराचं काम होतं. तेवढ्या वेळात मला मी दिलेलं भाषण आठवत होतं आणि आईचं ते वाक्यही.

म्हणून आज सांगायचं आहे ते एवढंच. पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना रंग आणि नाव नंतर पाहा. तारा किती उंच आहेत आणि वाद्य सुरात लागतं का, हे आधी पाहा. आणि हे पाहायला स्वतःला गिटार वाजवता यायला हवी, असं मुळीच नाही.

चुंबक, तार आणि सूर

आधी हे वाद्य आहे तरी काय, ते थोडक्यात पाहू. साध्या गिटारीचं पोट पोकळ असतं. तार थरथरली की वरची लाकडी फळी थरथरते आणि पोकळीत आवाज मोठा होतो. इलेक्ट्रिक गिटारीचं अंग बहुधा भरीव लाकडाचं असतं. तारांच्या खाली पिकअप बसवलेला असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. १८३१ साली मायकेल फॅरडेनं शोधलेलं हे तत्त्व आपल्या ओळखीचं आहे. सायकलचा डायनामो त्याच्यावरच चालायचा.

गिटारीची पाचवी तार सेकंदाला ११० वेळा हलते. तेवढ्याच वेळा ती वीज पुढेमागे होते. ही वीज अगदी क्षीण असते. ती केबलमधून ॲम्प्लिफायरमध्ये, म्हणजे बोलीत ज्याला ॲम्प म्हणतात त्यात, जाते. तिथं ती मोठी होते आणि स्पीकरमधून सूर ऐकू येतो. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, या गिटारीला नायलॉनच्या तारा लावून चालत नाहीत, कारण पिकअपला त्या दिसतच नाहीत. दुसरी, ॲम्प हा वाद्याचा निम्मा भाग आहे. तो वेगळा घ्यायचा, आणि त्याचा खर्चही आधीच धरायचा.

पुढे रिकनबॅकर या नावानं ओळखल्या गेलेल्या अमेरिकन कंपनीनं १९३२च्या सुमारास पहिली इलेक्ट्रिक गिटार विक्रीला आणली. ती ॲल्युमिनियमची होती आणि दिसायला थेट दांड्याच्या तव्यासारखी. लोक तिला फ्राइंग पॅन म्हणत. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून ती वाजवायची. तीच ही हवाइयन गिटार. एस. हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले यांनी अशा गिटारीवर वाजवलेल्या फिल्मी धुना आपल्यातल्या जुन्या श्रोत्यांनी रेडिओवर असंख्य वेळा ऐकल्या असतील. आज दुकानांत टांगलेल्या गिटारींचे मूळ साचे त्यानंतरचे. फेंडरची टेलिकास्टर १९५०-५१ची, गिब्सनची लेस पॉल १९५२ची आणि फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर १९५४ची. सत्तर वर्षं झाली तरी नव्या गिटारींतल्या बहुतेक यांतल्याच कोणाची तरी वंशज असतात.

हे वाद्य परकं आहे, असं आपल्याला वाटतं. पण १९७१ सालच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधलं ‘दम मारो दम’ आठवा. त्याची सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची, तेच पुढे गझलांसाठी नावाजलेले. १९८० सालच्या ‘कर्ज’मधली, कथेचं रहस्य उलगडणारी गिटारची धून वाजवली ती गोरख शर्मा यांनी. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालजींचे ते भाऊ. नावं ठाऊक नसली तरी हा आवाज आपल्या कानांत मुरलेला आहे.

आधी साधी, मग इलेक्ट्रिक?

मूल गिटार मागतं तेव्हा घरात हमखास एक वाक्य ऐकू येतं. ‘आधी साधी शीक, मग इलेक्ट्रिक घेऊ.’ ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं, पण त्याला फारसा आधार नाही. तबला शिकायचा तर आधी पखवाज शिकलाच पाहिजे, असं आपण म्हणत नाही. ज्याला जो आवाज हवा आहे, त्यानं ते वाद्य घ्यावं.

उलट बोटांच्या दृष्टीनं इलेक्ट्रिक सोपी. तिची सर्वांत बारीक तार बहुधा इंचाच्या नऊ किंवा दहा हजारांश जाडीची असते, साध्या पोलादी तारांच्या गिटारीची अकरा किंवा बारा हजारांश. बारीक तारेला ताण कमी लागतो, म्हणजे दाबायला जोर कमी लागतो. बारा-तेरा वर्षांच्या हाताला हा फरक चांगलाच कळतो.

शेजाऱ्यांचं काय? ॲम्पला न जोडता वाजवली तर इलेक्ट्रिक गिटार साध्या गिटारीपेक्षा खूपच हळू वाजते. ॲम्पला हेडफोन लावला की मुलाला स्वतःचं सगळं ऐकू येतं आणि घरातल्यांना फक्त तारांची टिकटिक. वन रूम किचनमध्ये एकीकडे अभ्यास, एकीकडे टीव्ही चालू असताना सराव होऊ शकेल असं वाद्य हवं असेल, तर ते हेच. म्हणून ॲम्प घेताना त्याला हेडफोनची जागा आहे ना, हे आवर्जून पाहावं. घरात दहा वॉट पुष्कळ झाले. मोठा ॲम्प स्टेजसाठी. सोसायटीच्या सभेत आपल्यावर ठराव यायला नको.

पैशांची विभागणी

आता खर्चाचं. सगळे पैसे गिटारीवर घालायचे आणि मग ‘ॲम्प पुढच्या महिन्यात बघू’ म्हणायचं, ही पहिली चूक. शंभर रुपये असतील तर साधारण साठ गिटारला, पंचवीस ॲम्पला आणि उरलेले पंधरा बाकीच्या गोष्टींना, असा हिशेब ठेवावा. म्हणजे वीस हजारांची तयारी असेल तर गिटार बारा हजारांपर्यंतची पाहावी. उरलेल्या पंधरांत काय येतं? बरी केबल, खांद्याचा पट्टा, तारांचा एक जादा संच, प्लास्टिकच्या चार-पाच नख्या आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सेट-अपचे पैसे. सेट-अप म्हणजे काय, ते पुढे सांगतो.

नावांच्या बाबतीत एक गोष्ट माहीत असावी. फेंडरच्या महागड्या गिटारींचे स्वस्त भाऊबंद स्क्वायर या नावानं मिळतात, गिब्सनचे एपिफोन या नावानं. ती नक्कल नव्हे. त्याच कंपन्यांची ती खालच्या किमतीची नावं आहेत. यामाहाची पॅसिफिका ही मालिका १९९०पासून नवशिक्यांच्या हातात दिसते. या यामाहाची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. १८८७ साली जपानमध्ये तोराकुसू यामाहा यांनी एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि त्यातून ही वाद्यांची कंपनी उभी राहिली. म्हणजे मूळ आपल्या पेटीच्या नात्यातलंच. याखेरीज इबानेझ, कोर्ट अशी नावं आहेत. पण एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन गिटारी शेजारी टांगलेल्या असतात आणि त्यांतली एक हातात बसते, दुसरी बसत नाही. म्हणून नावावरून फक्त यादी करावी. निवड हातानं आणि कानानं करावी.

दोन कार्डांची परीक्षा

दुकानात जाताना खिशात दोन जुनी एटीएम कार्डं ठेवा, एक साधं व्हिजिटिंग कार्ड ठेवा आणि मोबाइलमध्ये ट्यूनरचं फुकट मिळणारं ॲप घ्या. शक्य असेल तर सोबत कान असलेलं माणूस न्या. घरात पेटी वाजवणारी आजी किंवा भजनी मंडळातले काका असतील तर उत्तम. त्यांना गिटार येत नसेना का, सूर तर कळतो.

प्रथम दुकानदाराला गिटार नीट ट्यून करून द्यायला सांगा. सैल तारांवर केलेली परीक्षा व्यर्थ आहे. मग मानेवरचा बारावा फ्रेट शोधा. तिथं बहुधा दोन ठिपके असतात. दोन्ही कार्डं एकावर एक धरून फ्रेटची धातूची पट्टी आणि सर्वांत बारीक तार यांच्यामध्ये सरकवा. एका कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर असते, दोघांची मिळून दीड मिलिमीटर. तार न उचलता कार्डं अलगद सरकली आणि वर फारशी फट उरली नाही, तर उंची योग्य. जाड तारेखाली थोडी जास्त, दोन मिलिमीटरपर्यंत फट चालते. चार कार्डं सहज मावत असतील, तर त्या गिटारवर मुलाची बोटं सोलवटणार.

अशा वेळी गिटार लगेच नाकारायची घाई नको. ब्रिजवरचे, म्हणजे घोडीवरचे बारीक स्क्रू फिरवून तारा खाली घेता येतात. दुकानदाराला तिथल्या तिथे करायला सांगा. खाली घेतल्यावर तारा फ्रेटला घासून खरखरू लागल्या, तर मात्र मानेत किंवा फ्रेटमध्ये दोष असू शकतो.

दुसरी परीक्षा मानेची. एक तार पहिल्या फ्रेटवर दाबून धरा आणि तीच तार मान जिथं अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवरही दाबा. आता ती तार म्हणजे सरळ पट्टी झाली. मधल्या सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढीच फट असावी. मान थोडी वाकलेली असेल तर तिच्या आत असलेली पोलादी सळई किल्लीनं फिरवून ती सरळ करता येते. पण मानेला पीळ पडला असेल, तर ते वाद्य घेऊ नये.

तिसरी परीक्षा सुराची, माझ्या आईनं केलेली. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवा आणि छेडा. घंटेसारखा बारीक, गोड स्वर येईल. आता त्याच जागी तार दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच असले पाहिजेत. ट्यूनरवर पाहा, किंवा डोळे मिटून आजींना विचारा. स्ट्रॅटोकास्टर जातीच्या गिटारीत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते आणि बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, ३२४ मिलिमीटरवर बसवतात. तार निम्मी झाली की वरचा सा मिळतो. पण बोटानं दाबताना तार किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. ब्रिजवर प्रत्येक तारेची लांबी थोडी मागेपुढे करून हा फरक काढायचा असतो. तारा जितक्या उंच, तितक्या त्या जास्त ताणल्या जातात आणि स्वर तितका चढतो. दुखणारी बोटं आणि बेसूर वाद्य, हे दोन्ही बरेचदा एकाच दोषातून येतात. मुलाला वाटतं, आपलंच चुकतंय.

चौथी परीक्षा वेळखाऊ पण सोपी. सहा तारा आणि बावीस फ्रेट असतील तर एकूण १३२ जागा होतात. प्रत्येक जागा दाबून एकेक स्वर वाजवा. पाच-सात मिनिटं लागतात. कुठं स्वर मरतो का, कुठं खरखरतो का, ऐका. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या. शेवटी गिटार ॲम्पला जोडून सगळी बटणं फिरवा. कडकड आवाज येत असेल, केबल हलवल्यावर आवाज जात असेल, तर दुसरी दाखवायला सांगा.

या खरखरीवरून आठवलं. आपल्या तंबोऱ्याची जवारी म्हणजे मुद्दाम काढलेली अशीच एक झणझण. मिरजेतले सतारमेकर घोडीचा पृष्ठभाग घासून, पुन्हा पुन्हा ऐकून ती जमवतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांच्या कौशल्यामुळे. जवारी काढल्याशिवाय तंबोरा घरी आणायचा नाही, हे गाणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. गिटारचा सेट-अप हा तसाच प्रकार. स्वस्त गिटारी इंडोनेशिया, चीन अशा देशांत मोठ्या संख्येनं बनतात, जहाजातून येतात, गोदामात पडून राहतात. प्रवासात लाकूड हवेप्रमाणे हलतं. शिवाय कारखान्यात तारा थोड्या उंचच ठेवण्याकडे कल असतो, म्हणजे निदान खरखर येत नाही. खोक्यातून निघालेली गिटार म्हणजे जवारी न काढलेला तंबोरा. ती जाणकाराकडून एकदा लावून घ्यावीच लागते.

आपल्या घरांना सोसेल अशी

पिकअपचे मुख्य प्रकार दोन. एका वेढ्याचा सिंगल कॉइल आणि दोन वेढ्यांचा हंबकर. सिंगल कॉइलचा आवाज स्वच्छ, खणखणीत असतो, पण तो आसपासच्या विजेची घरघरही उचलतो. १९५५च्या सुमारास गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन वेढे उलटसुलट जोडून ही घरघर आपसांत रद्द करायची युक्ती बसवली, तोच हंबकर. आपल्या घरांत ट्यूबलाइट, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असं सगळं दहा बाय बाराच्या खोलीत असतं. तिथं निदान एक हंबकर असलेली गिटार सोयीची पडते. घरघर फार वाटली तर आधी पंख्याचा रेग्युलेटर पूर्ण वाढवून बघा. पुष्कळदा तोच गुन्हेगार असतो.

दुसरं, ब्रिज साधा घ्यावा. काही गिटारींत ब्रिज स्प्रिंगांवर तरंगता असतो. कसरतीच्या वादनासाठी तो छान, पण एक तार बदलली की बाकीच्या पाचही उतरतात किंवा चढतात. नवशिक्याचा अर्धा तास ट्यूनिंगमध्ये जातो आणि तोवर रियाजाची वेळ संपते.

घ्यावी कुठं? ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या वाद्यांच्या दुकानांत तबला-पेटीच्या शेजारी गिटारी टांगलेल्या असतात. पर्याय कमी असतील, पण काही बिघडलं तर संध्याकाळी परत घेऊन जाता येतं आणि पहिल्या वर्षात ही सोय फार मोलाची आहे. जास्त पर्याय पाहायचे असतील तर मुंबई आहेच. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि १८५४ साली ती कल्याणपर्यंत पोचली. १८६५ साली सुरू झालेलं फुर्टाडोज हे वाद्यांच्या व्यापारातलं नाव जवळपास त्या आगगाडीच्याच वयाचं. धोबी तलावच्या जेर महालातलं त्यांचं दुकान सीएसएमटी स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मात्र परतताना संध्याकाळची डोंबिवली लोकल टाळा. गिटारीची मान जिथं खुंट्यांच्या भागाला मिळते, ती जागा नाजूक असते आणि दारातल्या रेट्यात ती मोडू शकते. दुपारची गाडी घ्यावी, पिशवी पाठीवर न ठेवता पुढ्यात उभी धरावी.

ऑनलाइन घेणाऱ्यांना दोष देण्याचं कारण नाही. किंमत कमी असते. पण तिथं वरच्या परीक्षा आधी करता येत नाहीत. म्हणून परत करण्याची मुदत किती, ते पाहावं आणि खोकं आल्या दिवशीच कार्डं काढून बसावं.

घरी आणल्यावर

आता जरा गंभीर गोष्ट. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा आतून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. आपण तारांना हात लावतो म्हणजे एका अर्थी त्या अर्थिंगलाच हात लावतो. घरातलं अर्थिंग नीट असेल तर काही धोका नाही. पण जुन्या इमारतींत, चाळींत तीन पिनांचं सॉकेट दिसतं आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधल्या स्वान्सी इथं स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे स्टेजवर गिटार हातात असताना अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावून जागीच गेला. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मांडवात तात्पुरत्या वायरिंगवर मुलं वाजवतात, भोवती पावसाची ओल असते. तेव्हा ॲम्पची तिसरी पिन कधीही कापू नका, दोन पिनांचा जोड लावू नका. तारांना किंवा माइकला झिणझिणी जाणवली तर लगेच सगळं बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आपल्या भागातल्या पुष्कळ घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. येताना मामा भाच्यासाठी गिटार आणतो. गिटार खुशाल आणावी, तिला स्वतःची वीज लागत नाही. ॲम्प मात्र आणू नये. तिकडचा वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३०चा. फक्त तिकडच्यासाठी बनवलेला ॲम्प इथल्या सॉकेटला लावला की धूर निघतो आणि मामाची भेट त्याच दिवशी संपते.

आणि पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथं तारांना गंज चढणारच. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं तारा खालून-वरून पुसाव्यात. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. भिंतीला ओल असेल तर गिटार त्या भिंतीला टेकवू नये. पावसाळा संपला की तारांची उंची पुन्हा एकदा पाहावी, कारण मान हवेप्रमाणे थोडी हलते. तारा गंजल्या की बदलाव्यात. जुनी, गंजलेली तार सुरात लागत नाही आणि बोटालाही बोचते.

शेवटी, नवी गिटार घेण्याआधी ओळखीपाळखीत चौकशी जरूर करा. कोणाचा मुलगा इंजिनीअर होऊन बंगळुरूला गेलेला असतो, कोणाची मुलगी लग्न होऊन परगावी. त्यांच्या माळ्यावर पिशवी असते. मान सरळ असेल, फ्रेटांवर खोल खाचा पडलेल्या नसतील आणि खुंट्या घट्ट असतील, तर नव्या तारा आणि एक सेट-अप यांवर ती गिटार पुन्हा वर्षानुवर्षं वाजते. वाचलेल्या पैशांत चांगला ॲम्प येतो.

आमची निळी गिटार मात्र विकली गेली नाही. दुरुस्त होऊन आली त्या संध्याकाळी मुलीनं ती सहज हातात घेतली आणि तासभर खाली ठेवली नाही. आई आतून काहीच बोलली नाही, म्हणजे वरचा सा बरोबर लागत होता. मुलगी काही मोठी वादक झाली नाही. पण कॉलेजातून आल्यावर रोज अर्धा तास वाजवते, आणि माझं चिकाटीवरचं भाषण त्यानंतर घरात कोणाला ऐकावं लागलेलं नाही.

तेव्हा या दिवाळीत माळ्यावरून ती काळी पिशवी खाली आली, तर मुलाला काही बोलण्याआधी ती उघडा. गिटार ट्यून करा आणि बाराव्या फ्रेटपाशी तारेखाली दोन कार्डं सरकवून बघा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)